विरजणाचं दार

डोळ्यांच्या दवाखान्यात शेजारी बसलेल्या दोघींची ओळख त्या बाकावरचीच होती. पण नंबर लागायच्या आत देवळालीच्या राहीबाईंनी केडगावच्या इंदूताईंचं निम्मं घराणं वदवून घेतलं होतं.

"आन् पोरगी कुठं असती, ताई?"

"जर्मनीत. नोकरीसाठी आता तिथलंच दुसरं शहर गाठलंय. घर बघत महिनाभर हिंडली."

"आपली मानसं हायेत का शेजारी?"

"एकही नाही. खाली तुर्की, समोर सिरियाचे, वर केनियाचे. मुद्दाम तसलीच वस्ती शोधली तिनं. म्हणते, सगळेच बाहेरचे असले की कुणी आपल्याकडं टकामका बघत नाही."

"मंग इरजन कुनाकडनं आनती?"

"मीही तेच विचारलं. खालच्या तुर्की बाईकडं गेली वाटी घेऊन. त्यांच्यातही दही घरीच लावतात म्हणे. शिवाय बसवून चहा पाजला."

"लई झाक. आन् तुमाला कोन देतं केडगावात?"

"मी पिशवीतलं दही आणते."

"आवं, समोरचं दार वाजवायचं की."

"संगमनेर सोडून आले, त्याच आठवड्यात वाजवलं होतं. आतून आवाज आला, 'कोण पाहिजे?'"

"मंग?"

"मी म्हटलं, दार चुकलं."