अर्धी मिशी

सलूनमध्ये माझ्या आधी एक गृहस्थ तोंडावर रुमाल धरून बसले होते. शेजारी त्यांची पाचेक वर्षांची लेक. नंबर आला, ते खुर्चीत बसले आणि रुमाल काढला. डाव्या बाजूची मिशी गायब, नुसते बारीक खुंट उरलेले!

"अहो, हे कुणी केलं?" न्हाव्याने विचारलं.

"मी!" लेक म्हणाली.

"दुपारी जरा डोळा लागला हो माझा," गृहस्थ पुटपुटले.

"कशाने कापलीस गं?"

"माझ्या शाळेच्या कात्रीने."

"मग अर्धीच का?"

"बाबाने कूस बदलली ना!"

"पण मिशीने तुझं काय घोडं मारलं होतं?"

"बाबा हसतोय की रागावलाय, ते मिशीमुळे कळतच नाही. आईला विचारलं तर म्हणते, तूच बघ जाऊन. म्हणून मी बघायला गेले."

न्हाव्याने हसू दाबलं. "साहेब, उरलेली बारीक करून जुळवून देऊ?"

"नको. वीस वर्षं सांभाळली, पण आता सगळीच काढा."

वस्तरा फिरला. लेक स्टुलावर चढली आणि त्यांच्या नाकाला नाक लावून बघू लागली.

"बाबा, तू हसतोयस!"

"छे! चांगलाच रागावलोय."

"खोटं! आता सगळं दिसतंय."