भेगा पडलेला 'पाया पक्का'

मी बोलत नाही असं सासरी सगळ्यांना वाटतं, म्हणून हे ऐकाच. लातूरला आमच्या मामंजींचा छापखाना आहे. भूकंपात तिथली जाड, ठोकळेबाज लाकडी अक्षरं फळीवरून खाली आली. कडा उडाल्या, अंगावर भेगा पडल्या. पुढं कॉम्प्युटर आला, तसे मामंजी म्हणाले, "सूनबाई, रविवारी बंबात घाला ती."

मला तीच अक्षरं आवडायची. शनिवारी एका कोचिंग क्लासच्या पोस्टरचं काम आलं, तेव्हा मी गुपचूप त्याच अक्षरांत मथळा जुळवला: 'पाया पक्का'.

क्लासचे सर पोस्टर बघून उखडलेच. "काका, काय करून राहिले तुम्ही? म्हणायचं पाया पक्का, अन् अक्षराला भेगा! लातुरात हे बघून पोरं क्लासात बसतील का बाहेर पळतील?"

मामंजींनी माझ्याकडं असं पाहिलं, की बंबात अक्षरांच्या आधी माझाच नंबर.

मी पदर सावरला. म्हणाले, "सर, भूकंपात भेगा पडल्यात त्यांना. पण मोडलंय का एक तरी अक्षर?"

सर पोस्टर लांब धरून बघत राहिले. मग म्हणाले, "काका, खाली हे छापा. 'भेगा पडल्या, पण मोडलो नाही.'"

पोस्टरं भिंतींवर लागली आणि आठवड्याच्या आत समोरच्या क्लासचे सर दारात. "काका, आम्हालाबी तसलीच अक्षरं पाहिजेत. जरा जास्त फुटलेली."

मामंजी चष्मा पुसत म्हणाले, "ते खातं सूनबाईकडं हाय."