हलकी रजई

शनिवार पेठेतल्या गिर्यारोहण साहित्याच्या दुकानात मी सॅकची चेन दुरुस्त होण्याची वाट पाहत होतो. माझ्यापुढे एक तरुण आणि त्याची आई कॅम्पिंगची रजई पाहत होते. तरुणाच्या गळ्यात कंपनीचे ओळखपत्र होते.

“काका, ही स्वस्तातली द्या. ऑफिसातल्या मैत्रिणीकडून, नम्रताकडून, आणलेल्या रजईचा रंग हाच होता.”

“रंग आहे हो. पण आत निम्मी जाड पिसं आहेत. ही दुसरी दाबून पाहा, सगळं बदकाच्या पोटाचं मऊ पीस. हात काढला की लगेच फुगते.”

“नम्रता ती हिमाचलला नेणार आहे, पण तिला फरक कळणार नाही.”

“तिला नाही कळणार. हिमाचलातल्या थंडीला कळेल.”

“ऋषी, त्या मुलीला तू काय सांगितलंस?”

“ड्रायक्लीनिंगला दिलीय म्हणालो.”

“मी उसवली, हे नाही सांगितलंस?”

“काय सांगू, आई? तुला रजई हलकी लागली, म्हणून तू कापूस भरायला बसलीस आणि पिसं घरभर उडाली, असं? सगळं ऑफिस हसेल.”

“वर्ध्याला आम्ही रजया पुन्हा भरूनच घेतो रे. मला वाटलं, आतला कापूस संपलाय.”

“मला माहीत आहे. पण त्यांना कसं समजावू?”

“माझ्याबद्दल?”

“आई, हळू बोल ना. लोक ऐकताहेत.”

मी चेनकडे पाहू लागलो.

“अहो दादा, ती फुगणारीच बांधा. पोरीला थंडी वाजायला नको. आणि ऋषी, तिला सांग, लाँड्रीवाल्यानं फाडली. माझं नाव काढू नकोस.”