पोथीतली तेवढीच ओळ

नाही म्हणजे, पान उलटायला काय लागतं हो? एक बोट! पण आमच्या सुकदेवभाऊंना... तुम्हाला सांगतो, जळगावात तीन खोल्यांचं घर, पोरं पुण्याला, माणसं दोन, आणि सावद्याहून थोरली बहीण भिकुबाई फोन करते, "भाऊ, मोतीबिंदूनं ऑपरेशन शे जळगावले, चार दिन येऊ का तुन्हाकडे?" आता सख्खी बहीण ना? ये म्हणायचं! पण भाऊंना सकाळीच मोबाइलवर पोथीतली एक ओळ आलेली, मागे कमळ, खाली समई... "नाती ही पायींची बेडी, तोडी तोचि मुक्त!" भाऊंनी ती तश्शीच बहिणीला धाडली, सोबत जोडलेले दोन हात! झालं उत्तर! म्हातारी लॉजवर राहिली हो, डोळ्याला पट्टी बांधून... आणि भाऊ घरी मुक्त!

अहो, पान तर उलटायचं!

श्रावणात सावद्याच्या देवळात पोथी लागली, वाचायला जळगावाहून बोलावलं कोणाला? भाऊंना! आवाज खणखणीत ना! सगळी गल्ली समोर, पहिल्याच रांगेत काळा चष्मा लावून भिकुबाई, आणि वाचता वाचता आली की तीच ओळ! भाऊंनी ताणून म्हटली, ऐटीत पान उलटलं... "ऐसें दैत्य बोले सभेंत, मद्यें डोलत!"

दैत्य! तोही प्यायलेला! आणि पुढे ऋषी त्याला झापतात, अरे मूर्खा, मोह सोडायचा, माणसं नव्हे! भाऊंचे कान लाल, समोर बघवेना, आवाज पार तळाला... तर मागून तोताराम आबा ओरडतात, "मोठ्यानं वाच रे, दैत्य काय बोलना?" काय बोलला? बहिणीला विचारा!

अहो, पान तर आधी उलटायचं!

कसाबसा अध्याय संपवला आणि भाऊ थेट बहिणीच्या पायाशी. "अक्का, चुकलो. मी तेवढीच ओळ वाचली होती गं..."

ती शांतपणे म्हणाली, "मी बठ्ठी पोथी, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत, ऐकेल शे, भाऊ. माले वाटनं, तुलेबी माहीत शे."

म्हणजे बघा! इतके दिवस ती समजत होती, भावाने जाणूनबुजून दैत्याची ओळ धाडली... लाज कुठे ठेवायची हो माणसाने? "दुसऱ्या डोळ्याला तरी घरी ये, अक्का," भाऊ काकुळतीला आले. तर म्हणते, "तो बी व्हयी गया, भाऊ. त्याच लॉजवर."

बसा आता! माणसाला डोळे दोनच; तिसरा कुठून आणायचा?