सरळ केलेल्या रेषा

—नाही सिस्टर, पुन्हा नका दाबू, एकदा बघितलंत तेवढं पुरे. हो, आलं ना स्क्रीनवर खाली, 'डॉक्टरांना कळवले आहे'? ते वाक्य मीच टाइप केलंय. कुणाला कळवलं म्हणता? कुणालाच नाही. बटणामागे काही नाहीये — म्हणजे, अजून नाही, असं म्हणायचं ठरलंय आमचं.

चित्र आहे हो हे. कुठलंही काम हाती घेतलं की आम्ही आधी स्क्रीनची कच्ची चित्रं काढतो, त्याचं एक सॉफ्टवेअर असतं — इथे खाटेचा नंबर, इथे बटण, हे दाबलं की पुढचं चित्र येतं, बस. आणि त्यात रेषा मुद्दाम वेड्यावाकड्या येतात, हाताने काढल्यासारख्या. का? तर बघणाऱ्याला कळावं, हे कच्चं आहे, खोडा, बदला, भांडा. पण दादा म्हणाले, रेषा जरा सरळ कर, बरं दिसत नाही. एका चौकोनातली टिक काढली की होतात सरळ. काढली मी. रंगही भरले — ते कुणी सांगितलं नव्हतं, ती हौस माझीच. तुमचे मोठे डॉक्टर बघून म्हणाले, अरे, हे तर तयारच आहे. दादांनी ते खोडलं नाही, बिस्किटं पुढे सरकवली. मीही — मी चहा ओतत होते.

दादा म्हणजे माझे थोरले दीर. ऑफिस खाली, घर वर, मधे अकरा पायऱ्या. दोनदा सांगितलं त्यांना, बटणामागे काही नाही म्हणून. म्हणाले, मागून करू, माणसं घेऊ. कुठायत माणसं? मी आणि हा पंखा. ह्यांना सांगावं तर म्हणतात, दादांना कळत असेलच. बाहेर नोकरी? लागली होती की — सासूबाईंनी दोन दिवस ताटाला हात लावला नाही. मग काय, राहिले. आता सोमवारी तुमच्या वॉर्डात हे सुरू होणार, कुणाला धाप लागली की तुम्ही हे दाबणार, निरोप गेला म्हणून दुसऱ्या खाटेकडे वळणार...

अशा बघू नका माझ्याकडे. मला हे सांगायचं नव्हतंच, नुसतं शिकवून पाठवायचं होतं. थांबा — जिन्यात चपला वाजतायत, दादाच असणार. सिस्टर, तुमच्यापुढच्या त्या कागदावर 'प्रशिक्षण मिळाले' असं लिहिलंय, सही करू नका. पेन द्या इकडे. मागच्या दाराने निघा, थेट मोठ्या डॉक्टरांकडे. कुणी सांगितलं विचारलं तर घ्या माझं नाव. मी कुठे जातेय, इथेच आहे. निघा तुम्ही.