शेवटची डबी

मोंटानातल्या बंदुकीच्या दुकानापुढे ड्वेन रांगेत उभा होता. घरी काडतुसं भरणाऱ्यांना आज माणशी प्रायमरची, म्हणजे काडतुसाचा बार पेटवणाऱ्या टोप्यांची, एकच डबी मिळणार होती. पुढे दोन बायका बोलत होत्या.

"शनिवारी नातीची नेमबाजीची स्पर्धा, आणि घरात एक प्रायमर नाही."

"असेल कसा, ओपल? लोक आपल्या काडतुसाला बसतात का तेही न बघता तळघरं भरतायत!"

"लागत असतील गं त्यांना. भाऊ, तुमच्याकडे आहेत?"

"संपलेत," ड्वेन म्हणाला.

"अरेरे! मग व्हा आमच्यापुढे."

ड्वेन पुढे झाला. थोड्या वेळाने त्याचा नंबर आला.

"ही शेवटची डबी," दुकानदार म्हणाला. "यात छोटे आहेत. चालतील, की तुम्हाला मोठे लागतात?"

"जे असतील ते."

"मागच्या आठवड्यातही हेच म्हणालात!"

ड्वेनने मागे वळून ओपलकडे पाहिलं.

"बाई, तुम्हीच घ्या," ड्वेन पुटपुटला.

"अहो, पण तुमचे संपलेत ना?" ओपल म्हणाली.