विधानसभेत घातलेलं गाऱ्हाणं

...नाही, तुम्ही मला आधी एक सांगा, आमदार म्हणजे कोण? नागरिकशास्त्राच्या पुस्तकातलं नको हां, ते मलाही पाठ आहे, 'लोकप्रतिनिधी' वगैरे! मी विचारतोय, तो कोण? तुमचं बोलणं तिकडे नेऊन पोचवणारा, की तिकडचं बोलणं आणून तुमच्या गळ्यात बांधणारा? कारण आमच्या गोकुळदासाला हे साठीला आला तरी कळलं नव्हतं हो, आणि कळलं ते अशा जागी कळलं, की दोन शिपायांनी काखेत हात घालून त्याला जिना उतरवला! आणि बरोबर मलाही! मी तर तोंडसुद्धा उघडलं नव्हतं!

गाव कुठला ते विचारू नका, मला अजून तिथेच राहायचंय. पेडणे तालुका, नदीकाठ, चोपड्याच्या वरच्या अंगाला, एवढ्यावर भागवा. गोकुळदास परब माझा शेजारी. काम काय? तर शेती, आणि देवळात गाऱ्हाणं घालणं. आता गाऱ्हाणं म्हटलं की शहरातल्यांना वाटतं तक्रार. तक्रार कसली! हातात नारळ धरून देवीपुढे उभं राहायचं आणि अख्ख्या गावाच्या वतीनं बोलायचं. बोलणार एक जण, बाकीचा गाव मागे उभा राहून दर वाक्याला म्हणणार, 'व्हय म्हाराजा!' सोपं वाटतं तुम्हाला? कोणाची लेक बाळंतपणाला आलीय, कोणाचा मुलगा बोटीवर लागलाय, कोणाची म्हैस आटलीय, सगळं ध्यानात ठेवायचं, आणि ज्याच्याशी कुंपणावरून भांडण आहे त्याचंही नाव घ्यायचं, आवाज न बदलता! तीस वर्षांत गोकुळदासानं एक घर गाळलं नाही. माझ्याशी दोन वर्षं बोलत नव्हता, माझ्या माडाची झावळी पडून त्याची कौलं फुटली म्हणून... पण देवीपुढे? 'आणि ह्या आमच्या शेजाऱ्याच्या गुडघ्याक आराम दी गे आवशी!' मी मागे उभा. मला 'व्हय म्हाराजा' म्हणावं की रडावं तेच कळेना.

तर... काय सांगत होतो? हां, खांड! आमची भातशेती नदीच्या पातळीहून खाली. मध्ये बांध. बांध आहे म्हणून भात आहे, नाहीतर भरतीचं खारं पाणी सरळ आत. त्या बांधाला पडली खांड, म्हणजे भगदाड हो! पहिल्या वर्षी माणूस आडवा झोपला तर बुजेल एवढी. आम्ही माती टाकली, बांबू ठोकले, नारळाच्या सोडणांनी भरली, नदीनं एका अमावास्येला सगळं उचलून नेलं. आणि खांडीच्या अगदी तोंडाशी तुकडा कोणाचा? गोकुळदासाच्या बायकोचा, पार्वतीचा. कागदावर सासूचं नाव, पण राबते ही, म्हणून सगळा गाव 'पार्वतीचां शेत'च म्हणतो. ती रोज जेवण वाढताना नवऱ्याला ऐकवायची, 'तुमी सगळ्या गावाचां गाऱ्हाणां घालतात, माज्या शेताचां कोण घालतलो?' गोकुळदास मान खाली घालून आमटी ओरपायचा.

अशात घटक राज्य झालं. गोव्याला चाळीस आमदार, मतदारसंघ एवढेसे, आम्ही म्हटलं झालं, आता आमदार हाकेच्या अंतरावर! उभा कोण राहिला? गुरुदासबाब! आता मी त्याला 'तो' म्हणतो, तेव्हा 'ते' म्हणायचो. माणूस आपला हो! आजी आमच्याच गावची, देवळातली घंटा त्याच्या बापानं दिलेली. भाषेच्या वादाचे दिवस ते, आमच्याकडे मोर्चा मराठीतून, आणि मोर्च्याहून परतल्यावर घरचं भांडण कोकणीतून. तर गुरुदासबाब दोन्ही भाषांत बोलला, दोन्ही भाषांत वचनं दिली... पाळली एकाही भाषेत नाहीत, ते सोडा. पण माणूस आपला!

गावानं ठरवलं, नुसत्या भाषणावर मत नाही द्यायचं, देवीपुढे उभा करायचा. केला! रविवार सकाळ, देऊळ भरलेलं, गुरुदासबाब सोवळं नेसून पुढे, गोकुळदासाच्या हातात नारळ. 'गे आवशी सातेरी, आज हो तुजो लेकरू गुरुदास तुज्या पायाकडे इलो आसा!' व्हय म्हाराजा! 'तेका निवडून हाड!' व्हय म्हाराजा! 'निवडून इलो काय पयली आमची खांड बांधूंदी!' व्हय म्हाराजा, कौलं हलली! 'आणि ज्या लोकांनी धाडलो, तेंका सोडून खंय जावचो नाय!' आता इथे व्हय म्हणायचं ते गुरुदासानं स्वतः. आणि नेमका तेव्हाच त्याला खोकला आला! असा खोकला, असा खोकला, की एक जण पाण्याला धावला. आणि गाऱ्हाणं एकदा सुरू झालं की मध्ये तोडायचं नसतं, हा आमचा नेम. गोकुळदासाला घाम फुटला. तोंडातून निघून गेलं... 'हेचो शब्द चुकलो तर तेका नको, माका विचार गे आवशी!' झालं! गाव काय, सवयीचा! 'व्हय म्हाराजा!' कोणी विचारच केला नाही, आपण कशाला व्हय म्हणालो. मीसुद्धा म्हणालो. मोठ्यानं म्हणालो.

निवडून आला. दोनशे चौदा मतांनी. आणि दहा महिन्यांनी एका सकाळी पोदेर, म्हणजे आमचा पाववाला, उंडे घेऊन सायकलवरून आला, दोन उंडे माझ्या हातात ठेवले आणि म्हणाला, 'आयकलां मरे? तुमचो गुरुदासबाब सरकारच्या पक्षात गेलो. मंत्री जालो.' माझ्या हातात पाव तसाच. गोकुळदासाच्या अंगणात गेलो, तो उंबऱ्यावर बसलेला, त्याला आधीच कळलेलं. एकच वाक्य बोलला, 'ती आता माका विचारतली.' म्हटलं, अरे, देवीला काय हिशेब नाही का? ती ज्याचं त्याला विचारेल! तर म्हणतो, 'मीच सांगलंय तिका.'

आणि गाव? गाव चिडला असेल असं वाटतं तुम्हाला? छे! आधी एक दिवस चिडला, दुसऱ्या दिवशी कळलं की खातं जमीन आणि बांधांचं मिळालंय, तर गाव हार घेऊन धावला! 'विकासासाठी गेलो रे तो! विरोधात बसून खांड बांधतलो कसो? माणूस आपलोच मां!' लाल दिव्याची गाडी आली, गुरुदासानं खाली उतरून खांडीकडे बघून हात जोडले. खांडीकडे! जसं काही ती मतदार होती. 'पावसाच्या आधी काम सुरू,' म्हणाला. एक पाऊस गेला. दुसरा गेला. खांडीतून होडी आत यायला लागली. पार्वतीच्या शेतात भाताच्या जागी पांढरं मीठ फुललं, आणि ती दर वर्षी आपली खणते, दर वर्षी गोडं पाणी आणून धुते माती, कमरेवर कळशी घेऊन. शेत धुणारी बाई बघितलीय तुम्ही? मी बघितलीय. मला बघवत नव्हतं.

शेवटी गोकुळदास मला म्हणाला, 'चल पणजे. तेका आठवण करूया. बरो मनीस तो, कामाच्या गडबडीत विसरलो आसतलो.' निघालो. फेरीबोटीनं नदी ओलांडली, शिवोलीहून बस, म्हापशाला दुसरी बस, दहाला पणजी. गुरुदासाच्या ऑफिसात कदेलीवर, म्हणजे खुर्चीवर हो, दोन तास बसलो. त्याचा माणूस येतो, बघतो, जातो. 'कोण तुम्ही?' 'मतदार.' 'ते कळलं, पण कोणाकडून आलात?' आता सांगा, ह्याला उत्तर काय? मतदार कोणाकडून येतो? शेवटी आमची ब्याद टळावी म्हणून त्यानं दोन पास काढून दिले, 'मंत्री सभागृहात आहेत, वर सज्जात बसून बघा, बोलायचं नाही, हसायचं नाही, पायावर पाय टाकायचा नाही.' म्हटलं, देवळासारखंच की! गोकुळदासानं टोपी काढून हातात घेतली.

वर बसलो. खाली सगळे आपापल्या जागी, मध्ये उंच खुर्चीवर सभापती. ते काहीतरी वाचायचे, थांबायचे, आणि गुरुदासाच्या बाजूचे सगळे एका सुरात म्हणायचे, 'आय!' परत वाचायचे, परत 'आय!' गोकुळदासानं मला कोपरानं ढोसलं. 'आय म्हणजे कितां?' म्हटलं, इंग्रजीतलं व्हय. तो पुढे वाकला. गुरुदास खाली मान घालून अंगठ्याचं नख कोरत होता, आणि वेळ आली की मान वर न करता, 'आय!' कशाला म्हणतोय, त्यालाही ठाऊक नव्हतं, देवाशप्पथ सांगतो! गोकुळदास हळू म्हणाला, 'आमी हेका गाऱ्हाणां घालूंक धाडलो रे... हो हंय मागे रवान व्हय म्हाराजा म्हणता.'

आणि तेवढ्यात, तुम्हाला सांगतो, आमच्या गावाचं नाव आलं! कोणाच्या तोंडून? दक्षिणेकडच्या कुठल्यातरी आमदाराच्या. ज्याला आमचं एक मत नाही, ज्याला आमच्या गावाचं नाव धड उच्चारता येईना, त्यानं विचारलं, ह्या बांधाचं काय झालं? मंत्र्यांना कोंडीत पकडायचं म्हणून विचारलं असणार, पण विचारलं! गोकुळदास ताठ बसला. गुरुदास उठला. माणूस आपला! अधिकाऱ्यानं मागून कागद दिला, त्यानं तो वाचला, जसाच्या तसा. सदर जागेत सध्या शेती अस्तित्वात नाही, सबब बांध दुरुस्तीचा प्रस्ताव नाही. बसला.

'कितां म्हणता?' गोकुळदासानं विचारलं. मला खोटं बोलायला हवं होतं हो. नाही सुचलं. म्हटलं, म्हणतो शेत नाही. 'खंयचां?' पार्वतीचं.

तो उठला. मी सदऱ्याला धरलं, सदरा सुटला. हातात नारळ नाही, तरी नारळ धरल्यासारखा तळवा पुढे केला आणि तीस वर्षं देऊळ भरून टाकणारा तो आवाज... 'गे आवशी सातेरी! आज तुजी लेकरां पणजेत येवन उबी आसत! पार्वतीचां शेत आसा गे आवशी! माती आसा, बांध आसा, ती दर वर्सा राबता! जो कोण ना म्हणता, तेका दाखय! आणि हो खाली बसलो आसा तो तुजोच गुरुदास, तेका बुद्धी दी, तेच्या चेडवाक शिकपाक यश दी, तेच्या घरादाराक सांभाळ गे आवशी!' तिथेसुद्धा! तिथेसुद्धा त्यानं गुरुदासाचं घर गाळलं नाही!

आणि सभागृह चिडीचूप असताना खालून आवाज आला, 'व्हय म्हाराजा!' कोणाचा? गुरुदासाचा! लहानपणापासूनची सवय हो, आजीबरोबर देवळात उभा राहिलेला पोर तो, तोंडातून गेलं! मागच्या बाकावरचा डिचोलीचा एक म्हातारा आमदारही व्हय म्हणाला. मग हशा, घंटा, गोंधळ... आणि सभापती म्हणाले, 'हे सगळं कामकाजातून काढून टाका.' बघा म्हणजे! अख्ख्या कारकिर्दीत आमचा माणूस आमच्यासाठी एकदा व्हय म्हणाला, आणि ते लिहिलंच गेलं नाही!

शिपायांनी खाली सोडलं. गोकुळदास मांडवीच्या काठावर कट्ट्यावर बसला आणि रडला. साठ वर्षांचा माणूस, टोपी तोंडावर धरून. मी पाठीवर हात ठेवला, दुसरं करणार काय?

घरी पोचलो तर पार्वती दारात. 'बोल्लो काय तो गुरुदास आमच्या शेताचां?' गोकुळदासानं माझ्याकडे बघितलं. म्हणाला, 'बोल्लो.' 'कितां बोल्लो?' 'व्हय म्हणालो.' खोटं होतं का ते? नव्हतं! आणि त्या बाईनं दुसऱ्या दिवशी बियाण्याचं भात भिजत घातलं. मोड आले चांगले, बोटभर. पेरायला गेली, तर गुडघाभर खारं पाणी. टोपली डोक्यावर तशीच घेऊन ती बांधावर उभी राहिली, बराच वेळ, आणि परत आली. नवऱ्याला एक शब्द बोलली नाही. त्यापेक्षा बोलली असती तर बरं झालं असतं, असं गोकुळदास म्हणतो. गाऱ्हाणं आता तो घालत नाही. दुसरा घालतो, चार घरं गाळतो.

आता तिथे खारफुटी उगवलीय, खंड्या येऊन बसतात. भरतीला पाणी गोकुळदासाच्या अंगणात येतं, पायरीपर्यंत. कागदावर सगळं बरोबर आहे, शेत नाही म्हणून लिहिलेलं, शेत नाही. पण पार्वतीचं मत आहे हां! मतदारयादीत नाव, वय, घर नंबर, सगळं ठीकठाक, त्याला खारं पाणी लागत नाही! परवा मतदान होतं. गुरुदासबाबाची जीप आली, आता तिसऱ्या पक्षाची. पार्वती लुगडं वर धरून अंगणातल्या पाण्यातून चालत गेली आणि बसली. मी ओरडलो, 'गे पार्वती, अजून जातेस? ह्यांच्याच जीपमधून?' तर पाय आत ओढून घेत म्हणाली, 'जाऊं दी रे... हंय निदान पाय तरी सुके उरतत.'